सबनीसकाकांची रेघ

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सबनीसकाका म्हणजे पापड वाळत घालायलासुद्धा गच्चीची किल्ली न देणारा माणूस. त्यांना जुनी बद्धकोष्ठता. इसबगोल आणून आणून काकू दमल्या, तेव्हा डॉक्टरांनी गुदद्वाराच्या स्नायूंची तपासणी सांगितली. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. काका पडद्याच्या पलीकडे, काकू आणि मी अलीकडे.

"रबराची अ‍ॅलर्जी आहे का?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. आत घालायच्या नळीच्या टोकाला छोटा फुगा असतो म्हणे.

"नाही. पण ही नळी आधी कोणाकोणाकडे जाऊन आलीय?"

"नवी आहे. पाकीट तुमच्यासमोर फोडते."

"थांबा, आधी एक्स्पायरी वाचू दे."

ती चष्मा लावून वाचली, मगच काका कुशीवर वळले.

"दुखलं तर लगेच सांगा, आपण थांबू. आता आवळा. वा! आता सैल सोडा आणि संडासला बसल्यासारखा जोर करा. अहो काका, परत आवळताय!"

"जोरच करतोय!"

"करताय, पण दार लावून घेऊन. स्क्रीनवरची रेघ खाली यायला हवी, तुमची वर चाललीय. इथेच सगळा घोळ आहे."

"एवढंच ना?" काकू इकडून ओरडल्या. "अहो, गच्चीची किल्ली देऊन टाकली असं समजा, आपोआप सैल होईल!"

पलीकडून त्या बाईच काकुळतीला आल्या, "काकू, किल्लीचं नाव नका काढू हो! रेघ स्क्रीनच्या बाहेर गेली!"