वरच्या काकूंचं पार्सल

हॉस्पिटलात भेटीची वेळ व्हायची होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका सुताराच्या कानावर शेजारच्या मावशी-भाच्याचं बोलणं पडत होतं. कानात बोटं थोडीच घालून बसता येतं.

"आमचा गट मोडलास कशाला, ते तरी सांग."

"मी नाही मोडला, मावशी. ॲपवर मिळून खरेदी करणाऱ्यांचे गट माझा प्रोग्रॅम पाडतो. आधी कसेही पाडतो. ज्यांना माल स्वस्त आणि लवकर मिळतो ते ठेवतो, त्यांची सरमिसळ करून गटांची पुढची पिढी काढतो. बाकीचे गळतात."

"म्हणजे आम्ही गळलो."

"वरच्या काकू ऑर्डर नेहमी शेवटी द्यायच्या. सगळा गट अडून राहायचा."

"शेवटीच देणार. काय काय घेऊ, हे विचारायला जिना उतरून माझ्याकडे यायची ना. मग चहा व्हायचा."

"ते प्रोग्रॅमला कसं कळणार?"

"तुला कळत होतं की. तूही प्यायलायस तो चहा."

"स्वस्त आणि लवकर, एवढंच बघायला सांगितलं होतं मी त्याला. आता ज्याचं पार्सल त्याच्या दारात जातं."

"दारातच पडून होतं तिचं साबणाचं पार्सल. आणि ती आत रात्रभर मोरीत पडलेली. पूर्वीसारखं सगळ्यांचं सामान माझ्या घरी आलं असतं, तर ही न्यायला कशी आली नाही म्हणून मी संध्याकाळीच वर गेले असते."

वॉर्डाचं दार उघडलं. सुताराने पाय आखडून त्यांना वाट दिली.

"चल, सोडतायत आत."

"तू हो पुढे. मी काय सांगू त्यांना?"

"साबण किती स्वस्त पडला, ते सांग."