शेवटच्या गाडीची डहाळी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. भांडण झाल्यावर जो आधी बोलतो, तो हरतो का? — नुसत्या माना हलवू नका, उत्तर द्या! नाही येत ना? मग गोष्ट ऐका.

बोरवंड गावात दोन भाऊ. थोरला रखमाजी, धाकटा तुळशीराम. नऊ वर्षं अबोला! कशावरून? बांधावरून नाही, विहिरीवरून नाही — कावळ्यावरून! बापाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दोन तास गेले. धाकटा म्हणाला, दादानं बापाला घोर लावला. थोरला म्हणाला, धाकट्यानंच लावला. अहो, कावळा बिचारा कुठल्या तरी लग्नात जेवून आला असेल! पण त्या दिवसापासून समोरासमोर आले की दोघांतला एक जण वाट बदलायचा.

अशात गावाजवळचा हायवे नव्यानं बांधायला काढला. जुना रस्ता उखडला आणि बाजूनं दीड किलोमीटरचं कच्चं डायव्हर्शन दिलं. अरुंद इतकं, की एका बाजूला खोल खड्डा, दुसऱ्या बाजूला कॅनॉल. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर मागं घ्यायलाही जागा नाही. दोन टोकांना झेंडा धरायला गावातलीच माणसं घेतली. आता सांगा, सुपरवायझरला काय माहीत? गावाकडच्या टोकाला तुळशीराम उभा केला, तालुक्याकडच्या टोकाला रखमाजी!

दोघांना एकेक वॉकीटॉकी दिली. बटण दाबा नि बोला. पण बोलणार कोण? रोज सकाळी चार्ज होऊन आलेली वॉकीटॉकी तुळशीराम बाभळीला टांगून ठेवायचा. पहिल्याच दिवशी थोरल्याच्या बाजूच्या शेवटच्या ट्रकवाल्यानं कडुलिंबाची एक डहाळी त्याच्या हातात आणून दिली. म्हणाला, तिकडच्या झेंडेवाल्यानं दिली. तुळशीराम समजला — ही शेवटची गाडी, आता तू सोड. नऊ वर्षांत भावाकडून आलेला पहिला निरोप! त्यानंही आपल्या शेवटच्या गाडीच्या हाती डहाळी धाडली. चार महिने असं बिनबोभाट चाललं. सुपरवायझर सगळ्यांना सांगायचा, बघा, भाऊ भाऊ किती समजुतीनं काम करतात!

हसता काय? तुमच्या घरात दोन जावा मुलाच्या तोंडून निरोप धाडत नाहीत का? — बघा, आता कुणी हसत नाही.

तर एका दुपारी रखमाजीनं शेवटची गाडी म्हणून एक टेम्पो सोडला आणि डहाळी दिली. टेम्पोत देवीला निघालेली भाविक मंडळी. कडुलिंब हाती आला, म्हणजे देवीनंच बोलावलं! सगळ्यांनी डहाळी कपाळाला लावली, टेम्पोच्या पुढं बांधली आणि मधूनच कॅनॉलच्या छोट्या पुलावरून देवीच्या पांदीला, त्या आडवाटेला, वळले. हे तुम्हाला-मला ठाऊक. तुळशीरामाला कसं ठाऊक असणार?

तो डहाळीची वाट बघतोय. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पन्नास गाड्यांचे भोंगे वाजतायत. एवढ्यात रांगेच्या कडेनं गावातली जीप पुढं आली. मागच्या सीटवर रखमाजीची बायको, गजरावहिनी. गवत कापताना पान लागलं होतं. साप चावला असं आपण म्हणत नाही ना, पान लागलं म्हणतो. पाय सुजलेला, डोळे जड झालेले. आई गेल्यावर हिनंच तुळशीरामाला जेवू घातलं होतं. दवाखाना रखमाजीच्या टोकापलीकडं.

सोडावी, तर समोरून ट्रक आला तर काय? न सोडावी, तर वहिनी जाते! तुळशीरामानं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा बाभळीकडं. मंडळी, नऊ पावलांवर बाभूळ होती, पण एकेक पाऊल एका वर्षाएवढं जड झालं. त्यानं वॉकीटॉकी काढली आणि बटण दाबलं.

“दादा, तुळशा बोलतोय. डहाळी आली नाही.”

नुसती खरखर. त्याला वाटलं, दादा बोलणार नाही. त्यानं पुन्हा बटण दाबलं. “दादा, वहिनीला पान लागलंय. जीपमध्ये आहे.”

मग थोरल्याचा आवाज आला, नऊ वर्षांनी म्हातारा झालेला.

“सोड. एकच टेम्पो आत आहे, अडला असला तर माणसं लावून हलवतो. इकडचं एक चाक हलू देत नाही.”

मागून कुणा साहेबाचा भोंगा ऐकू आला. साहेब, गाडीत बसून राहा, असं दादा त्याला सांगत होता. तुळशीरामाचे डोळे भरून आले. सवयीनं त्यानं डहाळी मोडली आणि जीपमध्ये वहिनीच्या हातात दिली. तिनं जड डोळे उघडले.

“बोललास का रे त्याच्याशी?”

त्यानं मान डोलावली. जीप सुटली. काही मिनिटांनी खरखर झाली आणि दादा म्हणाला, “डहाळी पोचली.”

वहिनी वाचली. हायवे झाला, डायव्हर्शन बुजलं. त्या वर्षी बापाच्या श्राद्धाला दोघांनी मिळून कावळ्याला पान वाढलं. कावळा शिवला का? — मंडळी, दोघं बोलण्यात असे गुंतले होते, की वर कुणी पाहिलंच नाही!

आता सांगा, आधी बोलला तो तुळशीराम हरला का? नाही! मग तुमच्या खिशात तो फोन आहे ना, त्यात एक नंबर आहे. नाव आहे, पण वर्षानुवर्षं आवाज नाही. कीर्तन झालं की तो लावा. देवाचं नाव मग घ्या, तो थांबेल. आधी भावाचं घ्या.