तुम्ही नक्की कुठच्या?

नाही, विचारा ना, खुशाल विचारा! नाव विचारा, वय विचारा, बारावीला किती टक्के पडले तेही विचारा, पण 'तुम्ही कुठच्या?' तेवढं मात्र विचारू नका, हात जोडते… कारण तुम्हाला सांगते, दोन हजार पंधराच्या जूनमध्ये मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला मुंबईला गेले, आणि या एका प्रश्नापायी माझं शिक्षण सुरू व्हायच्या आधीच संपायला आलं होतं!

पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने विचारलं, "कुठून आलीस?" मी म्हटलं, "स्टेशनवरून." ती हसायलाच लागली. "तसं नाही गं, मूळची कुठची?" "गंजाडची." "ते कुठे आलं?" "डहाणूत." "अय्या, डहाणू! समुद्र! मग काय, रोज मासे!" आता हिला काय सांगायचं? अहो, समुद्र तिकडे वरोरला, आम्ही इकडे आत, डोंगराच्या अंगाला. आमच्या दारात भात आणि नागली, मासे आम्हीही बाजारातूनच आणतो, तुमच्यासारखे! पण म्हटलं जाऊ दे, ओळख होतेय ना… खाल्ले रोज मासे!

पण हॉस्टेलच्या मॅडमना 'जाऊ दे' म्हणता येतं का? एकच कॉट शिल्लक, नाकावर चष्मा, पुढ्यात माझा दाखला. "तुम्ही कुठच्या?" "पालघर जिल्हा." "दाखल्यावर तर ठाणे आहे." "मॅडम, दाखला मिळाला गेल्या वर्षी जूनमध्ये, आणि जिल्हा झाला ऑगस्टमध्ये." "म्हणजे तुम्ही गाव बदललंत?" "मी कुठे बदललं? जिल्हा बदलला! आमचं घर होतं तिथेच आहे!" "हे बघा, नियम म्हणजे नियम. मुंबई-ठाण्याच्या मुलींना खोली नाही. घरून ये-जा करा."

ये-जा! गंजाडहून! आधी जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही, मग डहाणू रोड, मग गाडीत अडीच-तीन तास… मी पोचेपर्यंत कॉलेज सुटलेलं असेल! आणि घरून निघताना बाबांनी स्पष्ट सांगितलेलं, "तुळशी, राहायची सोय झाली तर शीक, नाहीतर मुकाट परत ये, स्थळ आलंय." रडूच यायला लागलं हो मला, खरंच. "मॅडम, लांब आहे हो…" "ठाणे काय लांब?" "ठाणे नाही, त्याच्या पुढे… अजून पुढे… अहो, तलासरीला माझ्या मामाच्या घरून निघालं की लगेच गुजरात लागतं!"

मॅडमनी चष्मा काढला. "गुजरात? मग मघापासून ठाणे-पालघर काय लावलंय? परराज्यातल्या मुलींना पहिला हक्क असतो!" आणि लिहिलंसुद्धा! मी तोंड उघडलं, "नाही मॅडम, मी…" तर मागे उभ्या असलेल्या शिपाईण जयश्रीमावशींनी असं कोपर मारलं मला! कानात म्हणतात, "गप ना पोरी, पेन चालतंय तोवर गप!"

आणि तेव्हापासून मी गुजराती! मॅडम जिन्यात भेटल्या की "केम छो?" मी आपली "मजामा." येतं मला, नाही असं नाही, डहाणूच्या बाजारात निम्मे दुकानदार तेच बोलतात… पण ते मेसवाले काका! माझ्या एकटीच्या आमटीत वरून गूळ घालतात! "खास तुमच्यासाठी, बेन!" तिखटाशिवाय माझा घास उतरत नाही, आणि ते समोर उभे राहून बघतात, मग काय, हसत हसत पिते! कुठची मी? कुठचीच नाही!

बरं, आठवड्याभराने दुसरी कॉट रिकामी झाली आणि माझ्या खोलीत दक्षा आली. संजाणची, म्हणजे खरीखुरी गुजरातची! बॅग टेकवली नाही तोच, "तु क्यांनी?" म्हणजे झालं, पुन्हा तेच, 'तू कुठची?'! खोटं तरी किती बोलायचं माणसाने? हळूच म्हटलं, "डहाणू." ती खदखदून हसली, "डहाणू? अरे, ए तो महाराष्ट्रमां! अमाराथी चार स्टेशन!"

तुम्हाला सांगते, अख्ख्या मुंबईत पहिलंच माणूस भेटलं, ज्याला डहाणू कुठे आहे ते बरोब्बर माहीत! मिठी मारावीशी वाटली हो… आणि केलं काय मी? धावत जाऊन दार लावलं, कडी घातली आणि म्हटलं, "हळू बोल गं बाई, खोली जाईल माझी!"