वाचनालयाचं धाबं

(उन्हाळ्यातली सकाळ. वाचनालयाच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, तिघं आहेत: ओव्हरसियर नीळकंठ, वाचनालयाचे अध्यक्ष पंजाबराव, आणि इथे जन्मभर ग्रंथपाल असलेल्या मास्तरांच्या पत्नी सत्यभामाबाई.)

नीळकंठ : पहार अजून खाली जातेच आहे. मातीखालच्या फळ्या काही लागत नाहीत. आजी, तुम्ही मध्ये येऊ नका, भिंतीवरच उभ्या राहा.

पंजाबराव : मी काय म्हणून राह्यलो साहेब? खालून तुळया पाहा कशा वाकल्या. एखाद्या दिवशी पोरं पेपर वाचत बसतील अन् धाबं येईन डोक्यावर. तुम्ही फक्त पाडा म्हणून सांगा. संध्याकाळी बैठक हाये. स्लॅबची बिल्डिंग बांधू. खाली दुकानं, वर वाचनालय.

सत्यभामाबाई : वर म्हंजे जिना चढून. माह्यासारखीनं पुस्तक बदलायले कसं यावं?

पंजाबराव : काकू, आज तं टणाटण चढल्या तुम्ही.

सत्यभामाबाई : या जिन्याची सवय हाये मले. तुह्या स्लॅबच्या जिन्याची नाही.

नीळकंठ : मला एक कळत नाही. मी कोकणातला, आमच्याकडे कौलं. धाबी मी इथे बदली झाल्यावर पाहिली. पण अमडापुरात पाहिली, हिवरा आश्रमाच्या वाटेवर पाहिली, सगळीकडे मातीचा थर वीतभर. इथेही कडेला वीतभरच आहे. मग मध्ये, या झरोक्याभोवतीच, कमरेएवढी माती कशी आली?

पंजाबराव : दरसाली पावसाच्या आंधी पांढरी माती टाकतातच नं. नाही तं गळते.

नीळकंठ : ती सगळीकडे सारखी टाकतील. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी ढीग कोण करेल?

सत्यभामाबाई : आम्ही.

पंजाबराव : आम्ही म्हंजे कोण?

सत्यभामाबाई : गावातल्या बाया. दर शनिवारी एकेक टोपलं.

पंजाबराव : दर शनिवारी? काऊन?

सत्यभामाबाई : शनिवारी टपालानं पेपर ये. संध्याकाळी आमचे मास्तर मोठ्यानं वाचत, अन् तुमच्यासारखे माणसं खाली सतरंजीवर बसत. बायकांनी वाचनालयात जावं असं बोलायचीही सोय नव्हती. पण वाचनालयाच्या धाब्यावर माती टाकणं धरमाचं काम. त्याले कोणती सासू नाही म्हणन? डोक्यावर टोपलं घ्यावं, बाहेरच्या जिन्यानं वर यावं, अन् इथं बसून हातानं माती पसरत राहावं. हळूहळू. पेपर संपेपर्यंत.

नीळकंठ : म्हणजे ऐकायला येत होतात.

सत्यभामाबाई : सारं ऐकलं बापू. जंगल सत्याग्रह ऐकला, लढाई ऐकली. रिकाम्या हातानं कोणी वर येऊ देत नव्हतं, म्हणून टोपलं भरून आणावं लागे. पुढं मास्तरनं बायकांसाठी आत बाक टाकलं, तवा बंद झालं.

पंजाबराव : मास्तरले ठाऊक होतं हे?

सत्यभामाबाई : त्यायनं कधी विचारलं नाही, म्या कधी सांगतलं नाही. पण आवाज चढवून वाचत.

पंजाबराव : आम्ही पोरं समजत होतो, मास्तर कानानं अधू हायेत.

सत्यभामाबाई : कान चांगले होते त्यायचे.

पंजाबराव : थांबा काकू. माही माय?

सत्यभामाबाई : कौशल्या? तिचं टोपलं सगळ्यात मोठं. उशिरा येई अन् सगळ्यात शेवटी उठे.

पंजाबराव : मायले अक्षर येत नव्हतं. पण बाप कापूस विकाले निघाला का ती म्हणे, थांबा थोडं, मुंबईतल्या गिरण्यायचा संप मिटू द्या, मंग भाव येईन. बाप विचारे, तुले कोणं सांगतलं? तं म्हणे, सपनात आलं. बाप साऱ्या गावाले सांगत फिरे, का माह्या बायकोले सपनं पडतात म्हणून.

सत्यभामाबाई : दर शनिवारीच पडत होते, हे नाही आलं त्याच्या ध्यानात.

नीळकंठ : आजी, ऐका. पंजाबराव, तुम्हीही. भिंती दगडाच्या आहेत, कुठेही तडा नाही. तुळया सागाच्या. वाकल्या आहेत त्या या ढिगाखालच्याच, आणि त्याही कुजलेल्या नाहीत. ओझं उतरलं आणि खालून दोन खांब दिले, तर इमारत उभी राहील. पण पावसाच्या आत. ही माती एकदा भिजली की धाबं पेलणार नाही. तोवर झालं नाही, तर मला पाडा असंच म्हणावं लागेल.

पंजाबराव : मिरीग तोंडावर आला साहेब. पेरणीसाठी जो तो वावरात हाये. मजूर कुठून आणू?

सत्यभामाबाई : मजूर कशाले? ज्यायनं आणली त्यायनं न्यावी. एकेक टोपलं.

पंजाबराव : काकू, त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या. काही तं गेल्याही.

सत्यभामाबाई : म्हाताऱ्या झालो म्हणूनच सोपं हाये. आता सासवा आम्हीच. सुनायले म्हणू, जा. अन् आम्ही बी चढू.

नीळकंठ : आजपासून खालची खोली रिकामी ठेवा. वर चालायला मी फळ्या टाकून देतो. एका वेळी तिघींच्या वर नकोत, आणि माती सगळीकडून सारखी उतरली पाहिजे. मी इथे उभा राहीन.

सत्यभामाबाई : अन् माती कुठं टाकाची, ते मी सांगीन. आवारात, चिचेच्या झाडाखाली. गावात किती घरांचे धाबे गळतात, ज्याले लागन तो नेईन.

नीळकंठ : मग बैठकीत काय सांगू, पंजाबराव?

पंजाबराव : तुम्ही भिंतीचं सांगा. मातीचं मी सांगतो. अन् दुकानाचं कोणी विचारलं तं... पाहू. दुकानं काय, कुठंही निघतात. कवा सुरू कराचं काकू?

सत्यभामाबाई : शनिवारी. दुसऱ्या कोण्या वारी बाया यायच्या नाहीत. अन् पेपर लागन. आमाले काम करता करता ऐकाची सवय हाये.

नीळकंठ : खोलीत कोणी बसायचं नाही, आजी.

सत्यभामाबाई : ओसरीत बसा नं. ओसरी तं धड हाये?

नीळकंठ : ओसरी चालेल. पण वाचणार कोण?

पंजाबराव : मी वाचीन.

सत्यभामाबाई : मोठ्यानं वाचजो, पंजाबा.