चिमूटभर सिरियम

अजून आठवलं की डोकं फिरतं. पानांवरच्या एका जिवाणूला मिथेनॉल पचवायला सिरियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू लागतो, एवढंच मला दाखवायचं होतं. म्हणून अर्ध्या बाटल्यांत सिरियम घातलं, अर्ध्यांत नाही. पण जिवाणू सगळ्यांत वाढले!

मी सातपुड्यातल्या मोलगी गावची. सर वर्गासमोर म्हणाले, "मोलगीच्या मुलींना हे झेपायचं नाही."

तडक प्रयोगशाळेत गेले, तर शिपाई नाना म्हणाले, "ताई, तुन्ह्या अर्ध्या बाटल्यास्मा काहीच वाढी नई ऱ्हायनं व्हतं. माले दया उनी, मी तेच सिरियम चिमूटभर टाकी दिनं."

"नाना!" मी किंचाळले आणि त्यांना तसंच वर्गात नेलं. त्यांनी सगळं सांगितलं.

सर हसले. "म्हणजे सिरियम लागतंच! प्रयोग बरोबर आहे तुझा."

मी म्हटलं, "प्रयोगाचं नाही, सर. मोलगीचं बोला."