बसच्या मागची पंगत

बारा फेब्रुवारी, गुरुवार, आणि हातात काम एकच, डोळ्यांच्या दवाखान्याच्या बसला संध्याकाळच्या आत मागचा कॅमेरा बसवून द्यायचा. पण सुरुवातीपासून सांगते, नायतर तुम्हाला वाटंल ही बाई कॅमेऱ्यात कुठून शिरली. माहेर माझं बिडकीनच्या बाजूचं, शिक्षण दहावी, लग्न झालं अन् शेंद्र्याला कारखान्यात गाड्यांच्या वायरी गुंफायला लागले, लाल कुठं, काळी कुठं, बारा वर्षं हेच, बोटांना आता न बघता कळतं. मग म्हटलं दुसऱ्याच्या घड्याळावर किती दिवस, अन् त्याच रस्त्याला स्वतःचं वायरिंगचं दुकान टाकलं. लोक यायचे अन् विचारायचे, मिस्त्री कुठंय? मी म्हणायचे, समोर उभाय, बोला.

तर ही बस. आधी लग्नाची वऱ्हाडं न्यायची. सीटा काढून आत तपासायचं मशीन, खुर्ची, पाण्याची टाकी, मागची काच पत्र्यानं बंद केलेली, अन् त्या पत्र्याला जनरेटरची पेटी, दीड हात बाहेर आलेली. चालवतात रशीदभाई, शहागंजचे, साठीला टेकलेले, तीस वर्षं हातात स्टेअरिंग. महिन्याखाली एका गावात त्यांनी बस मागं घेतली, अन् मागं सावलीला एक म्हातारी बसलेली, डोळ्यांत औषध घातलेलं, तिला काही दिसत नव्हतं अन् ह्यांना ती दिसत नव्हती. शेजारणीनं ओढली म्हणून वाचली, काठी चाकाखाली गेली. त्या दिवसापासून रशीदभाई रिव्हर्स टाकंनात. वळायला मैदान असंल तिथंच बस जायची, गल्लीच्या टोकाची गावं यादीतून गळाली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, उद्याचं गाव तीनदा पुढं ढकललंय, तिथं मागंच जावं लागतं, आता नाही जमलं तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल. रशीदभाई शेजारीच उभे, म्हणाले, देख लो मॅडम, पर मेरेकू पीछे जाने नक्को बोलो.

मी आधी कॅमेरा पार वर, टपाच्या कडेला लावला. स्क्रीनवर सगळा रस्ता, ट्रक, लांबची पाण्याची टाकी, वर आभाळ. मी खूश. रशीदभाई म्हणाले, नजारा तो अच्छा है ताई, शादी की शूटिंग करनी है क्या? वो बुढी किधर दिखेगी? मी बंपरला चिकटून बादली ठेवली, तर स्क्रीनवर बादलीच नाय, पेटीच्या आड गेलेली. मग खाली नंबरप्लेटवर लावून बघितला, तवा बादली हौदाएवढी दिसली, बाजूचं काहीच नाय, अन् दोन खेपांत काच धुळीनं भरणार हे तर कळतच होतं.

मग म्हटलं, आधी न दिसणारी जागा तर बघू. रशीदभाईंना सीटवर बसवलं, सांगितलं, कॅमेरा विसरा, दोन्ही आरशांत बघा, मी दिसले की हॉर्न मारा. अन् बंपरपासून सरळ मागं चालायला लागले. पाच पावलं, दहा पावलं, हॉर्न नाय. मी ओरडले, झोपलात का? ते ओरडले, तुमीच किधर गये ताई? पंधरा पावलं झाली तरी नाय. मग मी डावीउजवीकडं सरकत गेले, हॉर्न वाजला तिथं तिथं खडूनं खूण केली, अन् खुणा जोडल्या. काय सांगू तुम्हाला, तो न दिसणारा तुकडा केवढा निघाला. त्यात पंगत बसली असती, वरणभात वाढून झाला असता, वाढपी फिरले असते, अन् सीटवरच्या माणसाला एक पत्रावळ दिसली नसती. रशीदभाई खाली उतरून बघत राहिले. म्हणाले, तीस साल मैं इसमेंच पीछे गया ताई. क्लीनरनं पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की चालायचं, अन् थाप मारायला कुणी नसलं तर अल्लाचं नाव. माझ्या मनात आलं, एवढी माणसं रोज कुठल्या ना कुठल्या गाडीच्या मागून जातात, टेकतात, गप्पा मारतात, अन् संध्याकाळी धड घरी पोचतात.

मग लोखंडी पट्टीचा हात केला, पेटीच्या बाहेर काढला, वर, मधोमध, अन् कॅमेऱ्याची मान खाली खाली घालत गेले, स्क्रीनच्या खालच्या कडेला बंपर बारीक दिसेस्तोवर. बंपर दिसला पाहिजे, तरच कळतं मधी कुणी लपलं नाय. मग मी स्वतः म्हातारीसारखी बंपरला टेकून बसले, डोळे मिटून. रशीदभाई पळत आले, दिखी ताई, पूरी दिखी, चप्पल तक! तरी रिव्हर्स काय टाकला नाय. म्हणाले, कल देखेंगे. स्क्रू मी आवळला, पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवलं अन् बसमध्ये बसले. गल्ली म्हणजे एका बाजूला गोठे, एका बाजूला भिंत, टोकाला शाळा. तोंडाशी बस नुसतीच उभी. डॉक्टरबाई उतरायला लागल्या, मी मागं उभी राहते म्हणाल्या. रशीदभाई म्हणाले, नक्को, बैठो. अन् गिअर टाकला. बस मुंगीच्या चालीनं मागं निघाली, अन् निम्म्या वाटंत स्क्रीनवर एक म्हातारा आला, हातात पिशवी, बसची सावली बघितली अन् टेकलाच. मी तोंड उघडायच्या आत ब्रेक लागला होता. रशीदभाई घाम पुसत हसले, लो ताई, मेहमान आ गया.

मी उतरले. आबा, उठा, म्हटलं. तो म्हणतो, का म्हणून, मी पयला नंबर धरलाय. त्याला दंडाला धरून भिंतीकडं नेलं, बस शाळेपर्यंत गेली, दार उघडलं, अन् पहिला नंबर खरंच आबाला दिला. दुसऱ्या नंबरला मीच बसले, आलेच होते तर. डॉक्टरबाई म्हणाल्या, जवळचा चष्मा लागलाय. लागू दे म्हटलं.