दुसरी बेल

मंगळवारचं सांगते. ढगाळ हवा, भयंकर उकाडा. नववीला इंग्रजीचा धडा होता: वडिलांनी बेल वाजवली की मुलगी धावत जाऊन दार उघडते. मी धड्याची थीम विचारली. गाईडमधलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं, "प्रेम!"

सानिका उभी राहिली. "मॅडम, भीती. दुसऱ्यांदा बेल वाजली तर मार पडतो."

"ए, धड्यात मार कुठाय?" मागून रोहित हसला.

ती खाली बसली. शाळा सुटली तरी ती बाकावरच होती.

"घरी नाही जायचं?"

"आज पप्पांना सुट्टी आहे, मॅडम."

मुख्याध्यापिकांना सांगून मी तिच्या मावशीला बोलावलं. त्या रात्री सानिका दिघ्याला मावशीकडे झोपली.